डेस्कटॉपवरची उधारी

दरवर्षी मॅगझिनचं संपादक मंडळ स्टाफरूममध्ये येतं आणि "सर, मराठी विभागासाठी काहीतरी द्या ना, तुमच्या हॉस्टेलच्या दिवसांतलं" म्हणून मागे लागतं. दरवर्षी मी टाळतो. या वर्षी त्यातलाच एकजण जाता जाता म्हणाला, "सर, लेख जरा लवकर द्या. माझा लॅपटॉप सारखा हँग होतोय, रविवारी फॉरमॅट मारणार आहे." फॉरमॅट मारणार हे शब्द कानावर पडले आणि मला बार्शीचं आमचं दुकान आठवलं, २००६ सालची दिवाळी आठवली आणि अण्णांचा तो चेहराही आठवला. त्या पोराला म्हटलं, रविवारपर्यंत थांब, लेख देतो.

तर मित्रहो, यात माझी फजिती आहे. आणि विंगच्या टोकाच्या रूममधल्या एका मित्राची जुनी थकबाकीही आहे, ती पुढे कबूल करतो.

मी याच कॉलेजचा. २००५ साली ई अँड टीसीला ऍडमिशन घेतली आणि पहिल्याच वर्षी हॉस्टेलवर माझं नाव 'डॉक्टर' पडलं. त्या काळी विंगमध्ये आठ-नऊ कॉम्प्युटर होते, सगळे असेंबल केलेले, आणि रोज त्यातला एक तरी आजारी असायचा. माझ्याकडे औषधं तीन. पहिलं, रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या आणि परत बसवायची. दुसरं, बोर्डवरचा सेल काढून पाच मिनिटांनी परत लावायचा. तिसरं आणि रामबाण, फॉरमॅट. एक्सपीची सीडी टाकली की ती सांगायची, ३९ मिनिटं शिल्लक. त्या ३९ मिनिटांत गेटबाहेरच्या टपरीवर मिसळ व्हायची, अर्थातच पेशंटच्या खर्चाने. कॉम्प्युटर आत कसा चालतो यातलं मला फारसं काही कळत नव्हतं. पण निम्म्या वेळा पेशंट बरा व्हायचा, आणि विंगमध्ये नाव व्हायला तेवढं पुरायचं. (खोडरबर मात्र खरंच काम करतं हं. पट्ट्यांवर चढलेला मळ निघाला की संपर्क नीट होतो. यात जादू काही नाही.)

दुसरं खातं नेटवर्कचं. आठ पोर्टचा एक स्विच वर्गणी काढून घेतला होता आणि खिडक्यांतून वायरी ओढून काउंटर-स्ट्राईक चालायचं. क्रिम्पिंगचा पक्कड माझ्याकडे, त्यामुळे सगळ्या वायरींना कनेक्टर बसवायचा मान माझा. एका सीनियरला एकदा विचारलं होतं, आतल्या आठ तारा कुठल्या क्रमाने लावायच्या? तो गेम खेळत होता, मान वर न करता म्हणाला, "दोन्ही टोकांना सेम पाहिजे, बास." मी ते ब्रह्मवाक्य मानलं. तारांच्या चार जोड्या असतात, म्हणून मी आपला जोडीने लावायचो. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायलाही कसं छान दिसतं! केबल टेस्टर लावला की एक ते आठ दिवे ओळीने लागायचे. आठ दिवे लागले म्हणजे वायर पास.

आता घरी येऊ. बार्शीला भगवंत मंदिराजवळच्या एका बोळात खाली आमचं दुकान आणि वर घर. अण्णा आधी स्क्रीन प्रिंटिंग करायचे, नंतर डीटीपीत आले. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे चाचणीचे पेपर, बिलबुकं. २००३ मध्ये त्यांनी पेंटियम ४ घेतला, पेजमेकर आणि श्रीलिपी टाकून. वर घरात एक जुना सेलेरॉन होता. दुकानात गर्दी झाली की ताई त्यावर मजकूर टाईप करायची आणि फ्लॉपी घेऊन जिना उतरायची. तीन पत्रिकांमागे एक फ्लॉपी दगा द्यायचीच.

ऑक्टोबरमध्ये अण्णांचा फोन आला होता, "कॉम्प्युटर चालता चालता एकदम बंद होऊन परत चालू होतोय रे. आलास की बघ जरा." मी म्हटलं, "अण्णा, व्हायरस असेल. आल्यावर बघतो, आणि तुमची फ्लॉपी पण बंद करतो." २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. मी चार दिवस आधीच पोचलो, बॅगेत पाच पोर्टचा स्विच, पंचवीस मीटर वायर, पक्कड आणि एक्सपीची सीडी घेऊन.

पहिल्याच दिवशी जिन्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली. भिंतीवर लाईटची वायरिंग पट्टी होतीच, तिलाच चिकटवून नीट क्लिपा मारल्या. दोन्ही टोकांना कनेक्टर, टेस्टरवर आठ दिवे. ताईने वरून पाठवलेली पत्रिकेची फाईल खालच्या स्क्रीनवर उघडली तेव्हा अण्णांनी शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवलं. "जिना उतरायला नको, काही नको. पोरगं इंजिनियर व्हायलंय!" आई वरून म्हणाली, "आता ताईचं वजन वाढेल."

दुसऱ्या दिवशी मजा ओसरली. छोटी फाईल जायची, मोठी मध्येच अडकायची. चित्रं असलेली पत्रिका वरून उघडली की पेजमेकर थिजून बसायचा. आणि खालचा कॉम्प्युटर तर दिवसातून चार वेळा आपोआप रिस्टार्ट. मला वाटलं दोन्ही एकाच रोगाची लक्षणं. त्या सुमारास पेनड्राईव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसनी उच्छाद मांडला होता, ब्रॉन्टॉकने तर आमच्या विंगमधला एकही कॉम्प्युटर सोडला नव्हता. गिऱ्हाईकं दिवसभर पेनड्राईव्ह खुपसणार, मग दुसरं काय होणार! निदान झालं. औषध ठरलेलंच होतं.

बार्शीत तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. १९ तारखेला रात्री साडेनऊला लाईट आली आणि मी सीडी घालून बसलो. तरी एक प्रश्न विचारलाच होता, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

"अण्णा, तुमचं सगळं डी ड्राईव्हमध्ये आहे ना? सी पुसतोय मी."

"डीमध्येच आहे. पत्रिकांचं फोल्डर, पेपरांचं फोल्डर, सगळं तूच तर करून दिलंयस."

झालं. एन्टर मारला. इन्स्टॉल होताना दोनदा कॉम्प्युटर मध्येच रिस्टार्ट झाला. आता विचार करा, सीडीवरून नवी कोरी विंडोज चढतेय, व्हायरस औषधालाही शिल्लक नाही, आणि तरीही कॉम्प्युटर बंद पडतोय. माझ्या जागी एखादा खरा डॉक्टर असता तर तिथंच सावध झाला असता. मी सीडीवर ओरखडा असेल म्हणून ती बनियनला पुसली आणि पुन्हा घातली. रात्री दोनपर्यंत विंडोज, ऑफिस, पेजमेकर, फॉन्ट सगळं टाकून झालं. वर जागा शिल्लक होती म्हणून हॉस्टेलवरून आणलेली गाणीही कॉपी केली.

सकाळी मला अण्णांनी हाक मारून उठवलं नाही. ताई उठवायला आली. म्हणाली, "खाली चल. अण्णा काहीतरी शोधतायत."

अण्णा स्क्रीनसमोर बसले होते. निळं आकाश, हिरवी टेकडी आणि खाली कोपऱ्यात एकटी रिसायकल बिन.

"उधारी कुठंय?"

"कुठली उधारी?"

"उधारीची फाईल. एक्सेलची. इथं असती," त्यांनी बोट स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर टेकवलं.

माझ्या पोटात खड्डा पडला. "अण्णा, ती डीमध्ये नव्हती?"

"सी काय नि डी काय, ती तर समोरच होती ना!"

डेस्कटॉप हा सी ड्राईव्हमधलाच एक फोल्डर असतो. तुम्हाला-मला हे माहीत आहे. अण्णांना ते कोण सांगणार होतं? मीच. आणि मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हिशोबाने ड्राईव्ह म्हणजे आतली कपाटं, आणि डेस्कटॉप म्हणजे पुढचं टेबल. घर रंगवायला काढताना कुणी कपाटं नीट ठेवून टेबलावरचं सामान जाळतं का?

बाहेरगावच्या वाचकांना कदाचित कल्पना येणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे पत्रिका रोखीने छापणारे थोडे. लग्नघरात शंभर खर्च, छापणारा घरचाच, "दिवाळीला देतो मालक" म्हणून जातात आणि बहुतेक जण देतातही. दिवाळीचे तीन-चार दिवस म्हणजे वसुलीचे दिवस. कोण किती देणं लागतं, कुणाचे किती कापायचे, कुणाला अजून मुदत द्यायची, हे सगळं त्या एका फाईलमध्ये होतं. २००३ मध्ये कॉम्प्युटर घेतला तेव्हा अण्णांनी वही बंद केली होती. लक्ष्मीपूजनाला तेव्हापासून वहीऐवजी कॅबिनेटला हळदकुंकू लागायचं. आणि वही बंद करा, एक्सेलमध्ये आपोआप बेरीज होते, असं त्यांना सांगणाराही मीच होतो. तेव्हा दहावीत होतो.

अण्णा मला बोलले असते तर बरं झालं असतं. ते उठले, नाक्यावरच्या दुकानातून एक दोनशे पानी वही आणली, वर 'श्री' लिहिलं आणि डोळे मिटून आठवायला लागले. एक नाव, एक आकडा. मध्येच ताईला विचारायचे, "ते ढोल-ताशावाले, त्यांनी शंभर दिले होते का दोनशे?" दिवसभर गिऱ्हाईक करत करत त्यांनी नावं लिहिली. संध्याकाळपर्यंत ३७ झाली. बेरीज २८ हजार ६४० रुपये. माझी हॉस्टेलची आणि मेसची वर्षाची रक्कम साधारण तेवढीच होती. ते मला कुणी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या घरात सगळ्यांना बेरीज येते.

आणि दुपारी तीन वाजता तो कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू झाला.

फॉरमॅटमध्ये सगळं गेलं, पण रोग तसाच राहिला. कॉलेजात मला पुढे काही विषयांत कमी मार्क पडले, पण त्या दुपारइतका नापास मी कधीच झालो नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा काहीतरी धडपणे केलं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीत फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम होता, आणि त्यासोबतच्या मजकुरात पहिलीच सूचना अशी की ज्या डिस्कवरून फाईल गेली तिच्यावर आता काहीही लिहू नका. मी तर तिच्यावर ऑफिस, पेजमेकर आणि वर गाणी ओतली होती. तरी आशा होती. फॉरमॅट मारला की डिस्कवरची माहिती लगेच पुसली जात नाही, पुसली जाते ती अनुक्रमणिका. पुस्तकाची पहिली पानं फाडली तरी धडे आत असतातच, फक्त कुठला कुठे ते कळत नाही. एक्सपीचा तर सावकाश होणारा फॉरमॅटसुद्धा डिस्क तपासायचा, आतली माहिती पुसायचा नाही. त्यामुळे फोटोरेक अख्खी डिस्क पहिल्यापासून चाळतो आणि सुरुवातीच्या खुणेवरून ओळखतो की इथे फोटो आहे, इथे एक्सेलची फाईल आहे. नावं मात्र मिळत नाहीत, नुसते नंबर.

(हे आज वाचून कुणी निर्धास्त होऊ नका. तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर फॉरमॅट होताना विंडोज तिला सांगून टाकते की ही जागा आता नको आहे, आणि ती आतल्या आत साफ करून मोकळी होते. आमची ४० जीबीची फिरती तबकडी होती म्हणून निदान शोधायला जागा तरी होती.)

डिस्क काढली, मागचा जंपर स्लेव्हला लावला आणि वरच्या सेलेरॉनला जोडली. रात्रभर चाळणी चालली. साडेतीन हजारांवर फायली निघाल्या, त्यातल्या दोनशेच्या आसपास एक्सेलच्या. लक्ष्मीपूजनाच्या पहाटे अभ्यंगस्नान करून परत बसलो आणि एकेक उघडत गेलो. अण्णा नावं श्रीलिपीत टाईप करायचे, आणि तो फॉन्ट युनिकोड नव्हे. वरच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसायची. उधारी ओळखायची कशी? आकड्यांवरून. डावीकडे भेळ आणि उजवीकडे १५०, ३००, ४५०. अशी एक सापडली. रकाना निवडून फॉन्ट लावला आणि भेळीतून एकेक माणूस उभा राहिला. मी ओरडलोच.

अण्णा वर आले, चष्मा लावला, बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "ही मागच्या दिवाळीची आहे."

खरंच २००५ ची होती. ताजी फाईल ज्या जागेवर होती तिथे माझी गाणी बसली होती.

पण अण्णा उठले नाहीत. वही मागवली आणि जुनी यादी नव्या वहीशी ताडून बघायला लागले. "हा दिला. हा दिला. ह्याने पत्रिकेच्या ऐवजी ज्वारी दिली पोतंभर, आठवतं का ताई?" एका शाळेचे पेपर छापल्याचे ११५० रुपये आणि एका बँडवाल्याच्या कार्डांचे १८० अशा दोन नोंदी वहीत राहून गेल्या होत्या, त्या सापडल्या. १३३० रुपये परत आले म्हणायचे. एका नावापाशी थांबले. सहाशे रुपये होते. "हा गेला की श्रावणात." मी माऊस हातात घेऊन विचारलं, डिलीट करू का? "कशाला? राहू दे. त्याच्याकडे बघून कधीतरी हसायला येईल, फार विनोदी माणूस."

संध्याकाळी पूजेत नवी वही ठेवली. कॅबिनेटलाही हळदकुंकू लागलं, पण वहीच्या नंतर.

पाडवा झाल्यावर अण्णांनीच टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. मला जरा लागलंच ते. टीव्हीवाल्याला कॉम्प्युटरमधलं काय कळणार? काकांनी बटण लावलंच नाही. आधी स्क्रू ड्रायव्हरसारखा तो लाईटचा टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. लाल दिवा मिणमिणला. "अर्थिंग नाही तुमच्या बोर्डाला." मला कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या, तेव्हा मला वाटायचं स्टॅटिक असेल. एसएमपीएसच्या तोंडाशी फेजपासून पत्र्याला आणि न्यूट्रलपासून पत्र्याला असे दोन छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या मुंग्या. हॉस्टेलवर तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

मग काकांनी कॅबिनेट उघडून उन्हात आणलं आणि नुसते बघत बसले. मी मीटर पुढे केला. म्हणाले, "थांब की. आधी डोळ्यानं बघायचं, मग नाकानं, मग हातानं. मीटर सगळ्यात शेवटी." आणि बोट ठेवलं. प्रोसेसरच्या शेजारी कॅपॅसिटरची एक रांग होती, छोट्या डब्यांसारखे उभे. त्यातल्या पाचांची टोपणं पुरीसारखी फुगली होती आणि दोनांवर तपकिरी खरपुडी आली होती. तो कॉम्प्युटर मी त्या आठवड्यात चार वेळा उघडला होता. चारही वेळा माझं लक्ष रॅमकडे.

हा रोग काही आमच्या एकट्याचा नव्हता. साधारण १९९९ ते २००७ या काळात निघालेल्या अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कॅपॅसिटर बसले होते आणि जगभर ते असेच फुगून फुटत होते. त्यांचं काम असं की एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट बोर्डावर कापून कापून प्रोसेसरसाठी दीड व्होल्टच्या आसपास आणले जातात, आणि ही कापाकापी सेकंदाला लाखो वेळा होते. त्यातला खडबडीतपणा हे कॅपॅसिटर गिळतात. आत गॅस धरला, द्रव वाळला की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि ते गिळेनासे होतात. कॉम्प्युटर निवांत असेल तोवर चालतं. पेजमेकरने मोठं चित्र उघडलं, प्रोसेसरने जास्त करंट ओढला, की दाब क्षणभर कोसळतो आणि कॉम्प्युटर परत पहिल्यापासून सुरू. व्हायरसचा काय संबंध!

आणि हे फॉरमॅटआधी कळायला दोन मिनिटं पुरली असती. एक्सपीत माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'आपोआप रिस्टार्ट' हा पर्याय काढून टाकायचा. मग विंडोज कोसळली तर निळा पडदा समोर थांबतो आणि काय बिघडलं ते लिहितो. निळा पडदा न येता थेट अंधार झाला तर बहुधा विंडोजचा दोष नाही, वीज किंवा बोर्ड बघायचं. मी हे नंतर करून पाहिलं. थेट अंधार.

काकांनी पाचही कॅपॅसिटर काढले. ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरडचे. त्यांच्याकडे टीव्हीतले साधे होते, तेच तात्पुरते लावून दिले. मी परत येताना पुण्यात तपकीर गल्लीत उतरून कमी रोधाचे, १०५ अंशांचे शोधून आणले आणि ते डिसेंबरच्या सुट्टीत बसवले. माझ्या हाताने, काका शेजारी बसून चहा पीत असताना.

रिस्टार्ट थांबलं. नेटवर्क मात्र तसंच. उलट आता दोन रोग वेगळे झाल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. आईने वर मिक्सर लावला की फाईल अडकायची. खरं वाटेना म्हणून खालून पिंग चालू ठेवला आणि ताईला ओरडून सांगितलं, "मिक्सर लाव!" उत्तरं येणं बंद. "बंद कर!" उत्तरं चालू. असं पाच-सहा वेळा झाल्यावर आई म्हणाली, "चटणी कधीच झाली, नुसतं भांडं फिरतंय." लॅनकार्डाचा वेग १०० वरून १० वर आणला तर मिक्सर चालू असतानाही निवांत चाललं.

सीनियरला फोन लावला. तोच, मान वर न करणारा. या वेळी गेम नव्हता बहुधा.

"तीन नंबरला कुठला रंग?"

"पांढरा-हिरवा."

"बरोबर. सहाला?"

"निळा."

तो इतका हसला की माझे फोनचे पैसे त्यातच गेले.

बाकीच्यांसाठी खुलासा. या नेटवर्कमध्ये एक आणि दोन नंबरची तार मिळून एक जोडी, आणि तीन आणि सहा मिळून दुसरी. तीन आणि चार नव्हे! जोडीतल्या दोन तारांना पीळ दिलेला असतो तो उगाच नाही. बाहेरून येणारी खरखर पिळामुळे दोन्ही तारांत सारखीच शिरते, आणि पलीकडचं कार्ड दोन्हींतला फरक तेवढा बघतं, त्यामुळे सारखी खरखर वजा होऊन जाते. माझ्या क्रमात तीन नंबर हिरव्या पिळातला आणि सहा नंबर निळ्या पिळातला. दोघे वेगवेगळ्या घरांत नांदणारे, प्रत्येकाची खरखर वेगळी, वजा काय होणार? त्यात वायर लाईटच्या पट्टीला चिकटवलेली. केबल टेस्टरला हे कळत नाही. इकडच्या तीनचा तिकडे तीनला संपर्क आहे का एवढंच तो बघतो, कोण कुणाशी पिळलेला आहे ते बघत नाही. दोन-तीन मीटरच्या वायरीत चूक खपून जाते. पंचवीस मीटरमध्ये नाही खपली. खरा क्रम पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

दोन्ही टोकं कापली, नवे कनेक्टर बसवले, वायर लाईटच्या पट्टीपासून हातभर दूर नेली. मिक्सर लावला. चाललं.

आणि मग जिन्यात उभा असतानाच मला आठवलं की हॉस्टेलच्या विंगमधली प्रत्येक वायर मी अशीच बांधली आहे.

आता थकबाकी. विंगच्या टोकाच्या रूममधल्या मित्राचा गेम नेहमी अडखळायचा. सगळ्यात लांब वायर त्याची, व्हरांड्यातल्या ट्यूबलाईटच्या पट्टीवरून गेलेली. मी स्वतः तपासणी करून त्याला सांगितलं होतं, "तुझं लॅनकार्ड भंगार आहे." त्याने २७५ रुपये घालून नवं कार्ड आणलं. तरी अडखळायचं. मी म्हटलं, "मग तुझा बोर्डच भंगार." दिवाळीहून परतल्यावर एका रात्री 'मेंटेनन्स' म्हणून मी सगळे कनेक्टर बदलले. दुसऱ्या दिवशी नेटवर्क सुसाट. सगळे म्हणाले, स्विचला दिवाळीची सुट्टी मानवली. मी गप्प राहिलो. अण्णांना मी चूक सांगितली होती, कारण ती लपण्यासारखी नव्हती. ही लपण्यासारखी होती. मित्रा, तू आता परदेशात असतोस, पण हे मॅगझिन तुला पोचेल अशी व्यवस्था करतो. तुझं जुनं कार्ड चांगलं होतं. बोर्डही.

अण्णांचा तो पेंटियम ४ पुढे बरीच वर्षं चालला. २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीला मिळणारे अपडेट बंद झाले तेव्हा मी तो बदलायला लावला. आता दुकानात नवा कॉम्प्युटर आहे, फायलींची रात्री आपोआप दुसरी प्रत होते, ती मी दर महिन्याला उघडूनही बघतो. उधारी मात्र २००६ पासून वहीतच आहे. त्या दिवाळीला ३९ पैकी ३४ जणांनी पैसे दिले. दोघांनी तर वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त दिले. अण्णा कमी आठवत होते, त्यांना बरोबर आठवत होतं.

गेल्या दिवाळीला ती पहिली वही मी परत चाळली. सगळ्या नावांवर रेघा मारलेल्या. ३९ नावांच्या खाली, अण्णांच्या अक्षरात आणखी एक नोंद होती, ती मी आधी पाहिली नव्हती. 'चिरंजीव. कॅपॅसिटर, वायर व कनेक्टर. ३४० रुपये.' त्यावर रेघ नव्हती.

मी खिशातून पाचशेची नोट काढली. अण्णांनी वही मिटून फळीवर ठेवली आणि म्हणाले, "सुट्टे नाहीत. दिवाळीला दे."